नवं कार्ड, काळा पडदा

मंडळी, ग्राफिक्स कार्ड बदललं, बटण दाबलं, पंखे फिरू लागले, दिवे लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला, अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, ‘कार्ड खराब निघालं’. मला हा निकाल फार घाईचा वाटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, असाच तो प्रकार असतो. कार्ड खराब निघतंच नाही असं मी म्हणणार नाही, पण संशयितांच्या यादीत त्याचं नाव मी शेवटी लिहितो.

याचं कारण सरळ आहे. आपल्याला वाटतं, आपण एकच वस्तू बदलली. प्रत्यक्षात त्या तासाभरात मॉनिटरची केबल निघून पुन्हा लागलेली असते, आणि पुष्कळदा वेगळ्याच जागी. पॉवर सप्लायच्या वायरी इकडच्या तिकडे झालेल्या असतात. जड कार्ड स्लॉटमध्ये दाबताना मदरबोर्डवर जोर पडलेला असतो, कोपराचा धक्का रॅमला लागलेला असतो. आणि ज्या मदरबोर्डनं हे नवं कार्ड कधी पाहिलेलंच नाही, त्याचा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्राम, आता त्या कार्डाशी बोलायचा प्रयत्न करत असतो. म्हणून प्रश्न ‘कार्ड बरं की वाईट’ असा नसतो. बटणापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत चित्र नेमकं कुठे अडलं, हे आधी शोधायचं.

पहिली चाचणी फुकटची आहे. मशीन सुरू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? तसं असेल तर आत मशीन बहुधा जिवंत आहे, कदाचित विंडोजसुद्धा सुरू झालेलं आहे आणि अडचण फक्त चित्र बाहेर येण्याची आहे. दिवा हलतच नसेल तर मशीन त्याच्याही आधी कुठेतरी थांबलं आहे. एवढ्यानं अर्धं काम होतं, तरी ही चाचणी न करताच लोक सरळ कॅबिनेट उघडतात.

मशीन जिवंत असेल तर मागे जाऊन बघा, केबल कुठे लावली आहे. मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक असतं आणि कार्डावरही असतं. सवयीनं हात वरच्या, मदरबोर्डच्या भोकाकडे जातो. वेगळं कार्ड बसवल्यावर पुष्कळ मदरबोर्ड प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे तिथून काहीच निघत नाही. आणि तुमचा इंटेल प्रोसेसर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला असेल तर त्यात चालू असं ग्राफिक्सच नाही, मग ते भोक शोभेचंच. मॉनिटरचा इनपुटही हातानं निवडा, ‘ऑटो’वर भरवसा ठेवू नका. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की जुना मॉनिटर व्हीजीए या जुन्या, अ‍ॅनालॉग जोडणीचा असेल आणि तुम्ही कार्डाच्या डीव्हीआय भोकावर साधा, बिनपॉवरचा अ‍ॅडाप्टर लावून काम चालवत असाल, तर नव्या कार्डावर ते चालणार नाही. एनव्हिडिया या कंपनीनं २०१६ च्या आपल्या १०-मालिकेच्या कार्डांपासून डीव्हीआयमधला अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला आहे. तिथे सिग्नल खरोखर बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो.

आता पॉवरकडे येऊ. इथे मला जरा जास्त वेळ द्यायचा आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

कार्ड बसतं तो पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याच्या वरची भूक केबलनं भागवायची. ६ पिनांचा कनेक्टर ७५ वॅटचा, ८ पिनांचा १५० वॅटचा. जुनं कार्ड नुसत्या स्लॉटवर चालत असेल तर नव्याला वेगळी केबल लागते हे लक्षातच येत नाही. किंवा दोन कनेक्टर असतात आणि एकच लागलेला असतो. ८ पिनांचा कनेक्टर ६ आणि २ असा फुटलेला येतो, त्यातल्या दोन पिना बाहेर लोंबकळत राहतात. कार्डाला हे कळतं, कारण कनेक्टरमध्ये ‘सेन्स’ नावाच्या पिना त्यासाठीच ठेवलेल्या असतात. पुरेशी वीज जोडलेली नाही असं दिसलं की कार्ड नेहमीचं चित्र द्यायला नकार देतं. काही कार्डं कनेक्टरजवळ लाल दिवा लावतात, काही पंखे जोरात फिरवतात, काही पडद्यावर तसा संदेशही देतात. उलट, पंखे थांबलेले दिसले म्हणून घाबरू नका. हल्लीची पुष्कळ कार्डं थंड असताना पंखे बंदच ठेवतात.

प्रोसेसरच्या पॉवरचा कनेक्टरही ८ पिनांचाच असतो, पण तो ४ आणि ४ असा फुटतो, आणि त्यातली १२ व्होल्ट व ग्राउंडची मांडणी कार्डाच्या कनेक्टरच्या उलट असते. साचा वेगळा असल्यामुळे तो सहज बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नका. याहून मोठा धोका मॉड्युलर, म्हणजे केबली दोन्ही टोकांनी सुट्या होणाऱ्या पॉवर सप्लायच्या केबलींचा. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पॉवर सप्लायकडच्या टोकाला मात्र कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या पॉवर सप्लायची केबल नव्याला लावली, ती बसलीही, तरी चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्टेज जाऊन कार्ड कायमचं जाऊ शकतं. केबली एकमेकींत मिसळू देऊ नका, एवढं एक माझं ऐका.

काही नव्या कार्डांवर येणाऱ्या १६ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ पिना विजेच्या आणि ४ लहान पिना सेन्सच्या. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात सेन्सच्या पिना मुद्दाम आखूड केल्या. कनेक्टर पूर्ण आत गेला नाही तर त्या पिना टेकतच नाहीत आणि कार्ड वीज घेत नाही. म्हणजे अर्धवट बसवलेल्या केबलीनं काळा पडदा येणं ही तिथे सुरक्षेची सोय आहे, दोष नाही.

मग वॅट कमी पडले तर? ‘पॉवर सप्लाय लहान आहे, मोठा घ्या’ हा सल्ला फार उदारपणे वाटला जातो. पण सुरुवातीला, पडद्यावर नुसतं कंपनीचं बोधचिन्ह दाखवताना कार्ड फार थोडी वीज ओढतं. वॅट कमी पडण्याचं खरं लक्षण म्हणजे गेम सुरू झाला, भार वाढला आणि मशीन धाडकन बंद पडलं किंवा रीस्टार्ट झालं. बटण दाबल्यापासूनच पडदा काळा असेल तर केबली तपासायच्या आधी नवा पॉवर सप्लाय विकत घेऊ नका.

आता कॅप्स लॉकचा दिवा हललाच नाही, तर मदरबोर्ड काय सांगतो ते ऐका. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार, ही खूण चालत आली आहे आणि कित्येक बायोसनी ती तशीच ठेवली. हल्ली कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकरच नसतो. त्याऐवजी पुष्कळ मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथे ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोज सुरू होणं) असे चार दिवे असतात. व्हीजीएचा दिवा अडून बसला तर कार्डाकडे बघायचं. डीरॅमचा असेल तर रॅम काढून पुन्हा बसवा. एक सावधगिरी मात्र ठेवा. डीडीआर५ रॅम असलेली मशीनं बायोस रीसेट केल्यावर रॅमची जुळवणी नव्यानं करतात आणि त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. लोक तिसाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करतात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं.

कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलं आहे का, हेही इथेच बघायचं. टोकाचा खटका लागल्याचा आवाज यायला हवा. मागचा स्क्रू आवळताना कार्ड तिरकं होऊन स्लॉटमधून किंचित उचललं जातं, ते बाहेरून दिसत नाही. कार्ड उभं बसवण्यासाठी स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये जोडकेबल वापरली असेल आणि ती पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीची असेल, तर चौथ्या पिढीचं कार्ड आपल्या पूर्ण वेगानं बोलू पाहतं आणि ती केबल तो वेग झेलू शकत नाही. कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, बायोसमध्ये स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर ठेवा, मग केबल परत जोडा.

आता बायोसचा भाग, तोच मला सगळ्यात रंजक वाटतो. विंडोज आणि त्यात कार्ड चालवणारा ड्रायव्हर येण्याआधी पडद्यावर जे दिसतं, ते कार्डावरच्या छोट्या फर्मवेअरचं, म्हणजे कार्डातच साठवलेल्या प्रोग्रामचं काम. युईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचा बायोस असलेल्या मदरबोर्डला त्या फर्मवेअरमध्ये जीओपी नावाचा भाग लागतो. साधारण २०१२ च्या आधीच्या पुष्कळ कार्डांत तो नाही. त्यामुळे स्वस्तात मिळालेलं जुनं कार्ड नव्या मदरबोर्डवर लावलं आणि सीएसएम ही बायोसमधली जुन्या कार्डाशी जुळवून घेण्याची सोय बंद असली, तर कार्ड ठणठणीत असूनही चित्र नाही. मॉनिटरच्या बाजूनंही असं होतं. २०१८ मध्ये एनव्हिडियानं मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी फर्मवेअर सुधारणा दिली, कारण एचडीएमआयसारख्याच डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या १.३ आणि १.४ आवृत्त्यांच्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळा राहू शकत होता. म्हणून डिस्प्लेपोर्टवर चित्र नसेल तर एकदा एचडीएमआय लावून बघाच.

मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करायचा तर तो जुनं कार्ड आत असतानाच करा. नंतर पडदाच नसेल तर करणार कसा? काही मदरबोर्डांवर पडद्याशिवाय, पेन ड्राइव्ह लावून बायोस चढवण्याचं बटण असतं, तेवढाच अपवाद. बायोस रीसेट करायचा तर वायर काढा, मदरबोर्डवरची गोल बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवा किंवा त्यासाठी दिलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरा. पण त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची रिकव्हरी की हाताशी आहे ना, ते बघा. सेटिंग्ज बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर पडदा येऊनही फायदा नाही.

बोधचिन्ह दिसलं आणि विंडोज येताना काळोख झाला, तर हार्डवेअरला हात लावू नका, तो ड्रायव्हरचा विषय आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. त्यानं जमलं नाही तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करून, जुना ड्रायव्हर काढायचा.

आणि हे सगळं करूनही काही दिसलं नाही, तर कार्ड दुसऱ्या, चालू मशीनमध्ये लावून बघा, आणि जुनं कार्ड तुमच्या मशीनमध्ये परत लावा. नवं तिथे चालत नसेल आणि जुनं इथे चालत असेल, तेव्हा दुकानात जा. नवं तिथे चालतं आणि जुनंही इथे चालतं, असं झालं तर वाद बायोसचा किंवा केबलीचा आहे. आणि नवं तिथे चालून जुनं इथे चालेनासं झालं असेल, तर टॉर्च घेऊन स्लॉट बघा. आतली एखादी पिन वाकलेली असू शकते.