खड्डा कोणाचा आणि आधी कोणता?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैत रस्त्यावर खड्डा पडला की पहिला फोन पंचांना नाहीतर नगरसेवकांना जातो. पण तो रस्ता त्यांचा असतोच असे नाही. गोव्यात १३ नगरपालिका, पणजीची महानगरपालिका आणि १९१ पंचायती आहेत. प्रभागातल्या आणि वाड्यावरच्या आतल्या वाटा बहुतेक त्यांच्याकडे. मुख्य रस्ते आणि गावांतलेही बरेच रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे. म्हणून तक्रार आली की आधी नोंदवही पाहतात: रस्ता कोणाचा, आणि ठेकेदाराची हमीची मुदत, म्हणजे डीएलपी, संपली का? संपली नसेल तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हायला हवी. ही नोंद पाहिलीच नाही, तर जनतेचा पैसा दुसऱ्यांदा जातो.

मग क्रम लागतो. फक्त खोली मोजून तो लावणे चूक आहे. वळणावर, दुचाकीच्या चाकोरीत, पाणी साचून न दिसणारा पाच सेंटिमीटरचा खड्डा कडेच्या दहा सेंटिमीटरच्या खड्ड्यापेक्षा घातक. इस्पितळ, शाळा, बसथांबा यांच्या वाटा त्याच रांगेत पुढे येतात. चवथ जवळ आली की बाजाराच्या आणि विसर्जनाच्या वाटाही.

आता प्रत्यक्ष काम. भर पावसात हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडी, बनवणारे प्लांट बंद असतात, त्यामुळे पिशवीतले कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता वापरायची डांबर-खडी, वापरावे लागते. एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, आठ सेंटिमीटर खोल खड्डा धरा. त्याला दाबून भरायला सुमारे ११० किलो माल लागतो, म्हणजे २५ किलोच्या चार पिशव्या पुरत नाहीत, पाचवी फोडावी लागते. आधी कडा चौकोनी आणि उभ्या कापायच्या, पक्का थर लागेपर्यंत सैल खडी काढायची, पाणी उपसून तळ झाडून घ्यायचा. तळाला आणि कडांना पाव किलोभर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, फासायचे. त्याचा तपकिरी रंग काळा झाला की माल घालायचा, पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे थरथरत्या सपाट पत्र्याच्या यंत्राने, दाबायचा. वरचा थर रस्त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर उंच ठेवायचा. पुढे वाहनांनी तो बसतो.

यातली कडा कापण्याची पायरी सर्रास गाळली जाते. उतरत्या कडेवर माल पातळ बसतो आणि आठवड्याभरात सुटतो. चिऱ्याचे तुकडे आणि माती टाकणे तर त्याहून वाईट: पहिल्या सरीत चिखल होतो आणि दुचाकी घसरते.

मूळ दुखणे मात्र पाण्याचे. बुजलेले गटार, रस्त्यापेक्षा उंच झालेली साइडपट्टी, तुंबलेली मोरी यांमुळे पाणी डांबराखाली शिरते, खालचा थर मऊ होतो आणि ट्रकच्या चाकाखाली वरचा पापुद्रा फुटतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच मजुरांकडून शेजारचे गटार उपसून घ्यावे. एकाच पट्ट्यात ओळीने खड्डे पडत असतील तर ठिगळे लावणे थांबवून पावसानंतर खालच्या थरापासून पट्टा नव्याने करावा.

तक्रार देताना वाड्याचे नाव, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, अंदाजे लांबी-रुंदी आणि पाणी कुठून येते ते लिहा. तिथे नळासाठी किंवा केबलसाठी नुकताच चर खणला होता का, हेही नोंदवा. तसे असेल तर चर नीट दाबून बुजवण्याची जबाबदारी खणणाऱ्याची, आणि पत्र त्याच्याकडे जायला हवे.