गुडघा बदलण्याआधी हिशेब फॅक्टरचा

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया म्हटली की साठी-सत्तरीतले, कठड्याला धरून एकेक पायरी चढणारे कोणीतरी डोळ्यांपुढे येते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे गुडघे मात्र तिशी-चाळिशीतच निकामी झालेले असतात. ते वयाने झिजलेले नसतात, रक्ताने खाल्लेले असतात.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक, म्हणजे ए प्रकारात आठवा फॅक्टर आणि बी प्रकारात नववा, शरीरात पुरेसा तयार होत नाही. त्याचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र समजला जातो, आणि अशा मुलाच्या गुडघ्यात, घोट्यात किंवा कोपरात काहीही न लागतासुद्धा रक्तस्राव होऊ शकतो. सांध्यात साचलेले रक्त शरीर हळूहळू जिरवते, पण त्यातले लोह मागे उरते. त्या लोहाने सांध्याचे आतले अस्तर सुजून जाड होते, त्यात नव्या आणि ठिसूळ रक्तवाहिन्या तयार होतात, आणि त्यांतूनच पुढचा रक्तस्राव होतो. असा गुडघा शस्त्रक्रियेत उघडला की एरवी फिकट दिसणारे अस्तर गंजासारखे तांबूस-तपकिरी दिसते. हा रंग साचलेल्या लोहाचाच असतो. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, तोवर बऱ्याच ठिकाणी संपलेली असते.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. दुखणारा गुडघा किंचित दुमडून ठेवला की बरे वाटते, म्हणून घरातले मायेने त्याखाली उशी सरकवतात, आणि वर्षानुवर्षे तसाच राहिलेला गुडघा पुढे सरळ होईनासा होतो.

शस्त्रक्रियेचा सांगाडा सगळ्यांना सारखाच: हाडांची खराब टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवायचे आणि मध्ये टणक प्लास्टिकचा थर ठेवायचा. हिमोफिलियात हाड ठिसूळ असते, स्नायू सुकलेले असतात आणि सांध्याभोवतीच्या चिवट तंतूंमुळे गुडघा नीट उघडणेही अवघड जाते. तरीही अनुभवी शल्यचिकित्सकाला हे साधते. माझ्या मते या शस्त्रक्रियेचे यश चाकूपेक्षा फॅक्टरच्या हिशेबावर अधिक अवलंबून असते.

तो हिशेब समजून घेऊ. शरीराच्या दर किलो वजनामागे आठव्या फॅक्टरचे 1 युनिट दिले तर रक्तातली पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. शस्त्रक्रियेच्या वेळी ही पातळी 80 ते 100 टक्के लागते; म्हणजे 60 किलो वजनाच्या तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या माणसाला पहिल्या डोसलाच सुमारे 3,000 युनिट लागतात. नेहमीचा आठवा फॅक्टर 8 ते 12 तासांत निम्म्यावर येतो, म्हणून रात्री सगळे झोपलेले असतानाही परिचारिकेला घड्याळ पाहून पुढचा डोस द्यावा लागतो, किंवा पंपातून तो सतत चालू ठेवला जातो. दिवस जातील तशी पातळी थोडी खाली येऊ दिली जाते, पण सुमारे दोन आठवडे ती सोडून देता येत नाही, आणि त्यापुढेही व्यायामाच्या काळात फॅक्टरचे संरक्षण लागते. पहिल्या दिवसापुरता साठा हाताशी आहे म्हणून तारीख ठरवणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी घाई. दोन्ही गुडघे खराब असतील तर कधीकधी एकाच वेळी बदलतात, त्यामागचे एक कारण फॅक्टरची बचत हेच असते.

काही रुग्णांच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांना इन्हिबिटर म्हणतात. ते असतील तर बाहेरून दिलेला फॅक्टर वाया जाऊ शकतो आणि वेगळी औषधे वापरावी लागतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी नव्याने करायलाच हवी. जे रुग्ण एमिसिझुमॅबची इंजेक्शने घेतात, त्यांनी तसे आवर्जून सांगावे: रोजच्या रक्तस्रावापासून ते औषध चांगले राखते, पण एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेला सहसा तेवढ्यावर निभावत नाही, शिवाय त्यामुळे रक्त गोठण्याच्या एका नेहमीच्या चाचणीचा निकाल फसवा येतो.

आता अपेक्षांविषयी. सर्वांत मोठा लाभ मिळतो तो वेदना कमी होण्याचा. वाकण्याचे म्हणाल, तर आधी जेमतेम वाकणारा गुडघा नंतर मांडी घालण्याइतका वाकेल असे मानू नये. सहसा तो थोडा अधिक सरळ होतो आणि चालणे सुधारते. त्यासाठीही मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावा लागतो, आणि नंतरचा व्यायाम फॅक्टर दिल्यावर, वेदना आवरलेली असताना करावा लागतो. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन घ्यायचे नाही, आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, हे हिमोफिलियाच्या घरांत बहुधा पाठच असते.

शेवटचा मुद्दा जंतुसंसर्गाचा. त्याचा धोका या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त असतो, कारण फॅक्टरसाठी शिरेत वारंवार सुई जाते आणि तेथून जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. दातांचे दुखणे शस्त्रक्रियेआधी उरकून घ्यावे, तेही याचसाठी. आणि काही वर्षांनी का होईना, बदललेला गुडघा अचानक सुजला, गरम लागू लागला, तर जुन्या सवयीने रक्तस्राव समजून घरीच फॅक्टर घेऊन वाट पाहत बसू नये. फॅक्टर घ्यावा, पण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे, आणि सांध्यातले पाणी तपासणीला जाईपर्यंत, अंगात विशेष ताप नसेल तर, प्रतिजैविकाची गोळी परस्पर सुरू करू नये. नाहीतर जंतू दबतो आणि चाचणीत सापडत नाही.

नमस्कार.