वाढदिवस आपला, आठवण दुसऱ्यांची

नमस्कार श्रोतेहो.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्याच्या वाढदिवसाच्या दिवशी विचारा, "काय, आज गप्प गप्प?" तर बहुधा उत्तर येतं, "काही नाही, उगाच." आणि मग तो विषय बदलतो. त्या 'उगाच'बद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. वय झालं, आता कसला वाढदिवस, असं म्हणून आपण ते झटकून टाकतो. पण मला वाटतं, त्यात वयाचा भाग थोडाच असतो.

लहान मुलाला वय विचारून बघा. ते कधी नुसतं पाच म्हणणार नाही. "सव्वापाच," "साडेपाच," आणि वाढदिवस तोंडावर आला की मोठ्या ऐटीत "पावणेसहा!" प्रत्येक पाव वर्षाचा हिशेब त्याच्याकडे असतो, कारण प्रत्येक पाव वर्षात त्याला काहीतरी नवं जमलेलं असतं. पुढे तिशी-चाळिशीत हा हिशेब सुटतो. एखादा फॉर्म भरताना वयाच्या रकान्यापाशी पेन थांबतं आणि जन्मसालावरून वजाबाकी करावी लागते. आणि ऐंशीच्या पुढे गंमत अशी की तो हिशेब परत येतो. "एकोणनव्वद पूर्ण, नव्वदावं लागलं," हे सांगताना आजोबांचा आवाज त्या पावणेसहा वर्षांच्या मुलासारखाच असतो.

मधल्या वर्षांत वाढदिवस फार लवकर यायला लागतात, हा तर सगळ्यांचाच अनुभव. "अरे, आत्ता तर झाला होता की!" पॉल जॅने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1877 मध्ये याचा एक साधा हिशेब मांडला होता. पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा. पन्नाशीच्या माणसाला तेच वर्ष पन्नासावा हिस्सा. म्हणून ते छोटं वाटतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे पुरेसं वाटलं नाही. 1890 मध्ये त्याने लिहिलं, की लहानपणी रोज काहीतरी पहिल्यांदाच घडत असतं, म्हणून ते दिवस आठवणीत भरगच्च राहतात. पुढे दिवस एकमेकांसारखे होत जातात आणि मागे वळून पाहिलं की वर्ष आखडलेलं दिसतं. मला जेम्सचं म्हणणं जास्त पटतं. ज्या वर्षी घर बदललं, किंवा घरात बाळ आलं, ते वर्ष काही भर्रकन गेलेलं नसतं.

मनाचं वय ही आणखी एक गोष्ट. डेन्मार्कमधल्या प्रौढांचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या पुढच्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा साधारण वीस टक्क्यांनी तरुण आहोत असं वाटतं, असं त्यात दिसलं. म्हणजे पन्नाशीची बाई आतून चाळिशीची असते आणि सत्तरीचे गृहस्थ छप्पन्नचे. एरवी हे अंतर कुणाला टोचत नाही. वाढदिवशी मात्र तो आकडा मोठ्याने उच्चारला जातो आणि आपण क्षणभर बिचकतो, हे कुणाबद्दल बोलताहेत?

पण श्रोतेहो, एवढ्याने मन हळवं होत नाही. निदान माझं तरी झालं नव्हतं.

आपल्या जन्माचा दिवस आपल्यापैकी कुणालाच आठवत नाही. माणसाची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं सगळं आपल्याला दुसऱ्यांनी सांगितलेलं. आयुष्यातला हा दिवस आपण वर्षानुवर्षं साजरा करतो आणि तो पूर्णपणे ऐकीव असतो! त्याचे खरे धनी असतात ती त्या दिवशी हजर असलेली माणसं.

माझ्या आईचा फोन दर वाढदिवसाला पहाटे पावणेसहाला यायचा, माझ्या जन्माच्या वेळेला. शुभेच्छा वगैरे नंतर. आधी ती गोष्ट सांगायची. दिवे गेले होते. नर्सने माझं दोनदा वजन केलं, कारण पहिल्यांदा काटा नीट दिसलाच नाही. धावपळीत बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ते एक पाय अनवाणी ठेवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. बाहेर पाऊस होता. तो पाऊस वर्षागणिक वाढत गेला. मी शाळेत असताना ती नुसतीच सर होती, मी चाळिशीत आले तेव्हा मुसळधार झाली होती. मी कधी तिला दुरुस्त केलं नाही.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मला पहाटे आपोआप जाग आली. फोनवर संदेश येऊन पडले होते, आणि त्यातले बरेच मनापासूनचे होते. मैत्रिणींचे, मुलांचे, भाच्यांचे. पण त्यांच्यापैकी कुणीही मला जन्मलेलं पाहिलं नव्हतं. बाबा आधीच गेले होते. उरला माझा मोठा भाऊ. तो तेव्हा सात वर्षांचा होता. मी त्याला फोन करून विचारलं, तुला काय आठवतं रे? तो म्हणाला, "मला शेजाऱ्यांकडे झोपवलं होतं, त्याचा मला भयंकर राग आला होता." बस, एवढंच. माझ्या जन्मदिवसाची आता एवढीच एक प्रत्यक्ष आठवण जगात शिल्लक आहे, एका सात वर्षांच्या मुलाचा राग. मी त्या दिवशी खूप रडले, आणि खूप बरंही वाटलं.

तेव्हा मला माझ्या 'उगाच'चा अर्थ लागला. आकडा वाढतो त्याचं दुःख फारसं नसतंच. आपल्या सुरुवातीचे साक्षीदार एकेक करून कमी होतात, आणि वाढदिवस नेमकी त्यांची हजेरी घेतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी वय आणि नात्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. पुढे उरलेला काळ मर्यादित आहे हे जाणवू लागलं, की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आपणहून आवरतो आणि जवळच्या थोड्या माणसांना धरून राहतो, असं त्या सांगतात. म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांना गर्दीचा सोहळा नको असेल तर तो त्यांच्यावर लादू नका. विशेषतः अचानक धक्का देणारे बेत! आधी विचारा. एखाद्याला त्या दिवशी एकटं राहायचं असेल, तर तेही त्याचं सुख असू शकतं. मात्र वाढदिवस उलटून आठवडे गेले तरी उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांशी बोला.

आणि गेलेल्या माणसांचे वाढदिवस? ते तर कॅलेंडरमधून जातच नाहीत. फोन त्या तारखेला इमानाने आठवण करून देतो. काहीजण ती नोंद पुसून टाकतात. ज्याला सोसत नाही त्याने खुशाल पुसावी. मी आईची ठेवली आहे. त्या दिवशी मी भावाला फोन करते आणि आम्ही तिच्याबद्दल बोलतो, कधी कधी चक्क भांडतोही, कारण तिच्या लहानपणाच्या गोष्टी तिने आम्हाला वेगवेगळ्या सांगून ठेवल्या आहेत.

तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणी अजून असेल, आई, मावशी, आत्या, थोरली बहीण, तर यंदाच्या वाढदिवसाची वाट पाहू नका. या रविवारी त्यांच्यापाशी बसा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पहाट होती की दुपार? सगळ्यात आधी हातात कुणी घेतलं? दुसरं कुठलं नाव ठेवायचं चाललं होतं आणि ते कुणी हाणून पाडलं? घाई करू नका, मध्येच त्या भलत्याच गोष्टीकडे वळतील, वळू द्या. तुमच्या जन्माच्या गोष्टीत त्या स्वतः तेव्हा किती वर्षांच्या होत्या, कशाला घाबरल्या होत्या, हेही येईल. तेही विचारून घ्या.

नमस्कार.