कुठल्या रेषेपासून दूर?

ॲब्डक्शन हा एकच शब्द वैद्यकातही वापरतात आणि कायद्यातही. पडद्यावर सावकाश वर जाणारा हा हात नीट पाहावा. अंगालगत सोडलेला हात बाजूने उचलला जातो तेव्हा पाठ्यपुस्तकांप्रमाणे पहिल्या सुमारे १५ अंशांची सुरुवात सुप्रास्पायनेटस हा खवाट्यावरचा छोटा स्नायू करून देतो आणि मग खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड भार घेतो. हात कानाला टेकेपर्यंत होणाऱ्या १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातले असतात. उरलेले ६० अंश पाठीवरचा खवाटा स्वतः फिरून भरून काढतो. सांधा आखडलेल्या या गृहस्थांचा हात अर्ध्यावर अडतो आणि पुढे हाताऐवजी अख्खा खांदाच कानाकडे चढतो, तो यामुळेच.

हात बाजूने उचलण्याच्या या हालचालीला वैद्यकात ॲब्डक्शन म्हणतात. लॅटिनमधील मूळ अर्थ ‘दूर नेणे’ एवढाच आहे. पण दूर म्हणजे कशापासून, हे ठरल्याशिवाय त्याला काहीच अर्थ उरत नाही. हात आणि पाय यांच्यासाठी ती रेषा शरीराच्या मधोमध जाते. तळहाताची बोटे फाकवताना मात्र ती सरकून मधल्या बोटावर येते, म्हणून मधले बोट अंगठ्याकडे हलवले काय किंवा करंगळीकडे, दोन्ही वेळा ते ॲब्डक्शनच ठरते. पायाच्या पंजात हा मान अंगठ्याशेजारच्या बोटाला मिळतो. डोळा कानाच्या दिशेने वळवणाऱ्या, मेंदूतून निघणाऱ्या सहाव्या नसेचे ॲब्ड्यूसेन्स हे नावही याच शब्दातून आले असून ती दुखावली की डोळा बाहेरच्या बाजूला पुरता वळत नाही आणि एकाची दोन चित्रे दिसू लागतात.

आता समोर आहे ते भारतीय दंड संहितेचे, १८६० सालच्या आणि जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या कायद्याचे, ३६२ वे कलम. बळाने भाग पाडून किंवा फसवून एखाद्या व्यक्तीला कोणत्याही ठिकाणाहून जायला लावणे म्हणजे ॲब्डक्शन, अशी त्याची व्याख्या आहे. ‘कोणत्याही ठिकाणाहून’ या शब्दांत रेषाच पुसली गेली आहे, कारण इथे सारा प्रश्न त्या व्यक्तीच्या मर्जीचा आहे. नुसते ॲब्डक्शन हा शिक्षापात्र गुन्हा नाही. खून, खंडणी, सक्तीचा विवाह असा हेतू जोडला गेला की शिक्षेची कलमे लागू होतात.

रेषा सापडते ती शेजारच्या ३६१ व्या कलमात, म्हणजे किडनॅपिंगमध्ये. वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट अपहरण म्हणतात, पण इथे मोजमाप कायदेशीर पालकाच्या ताब्यापासून होते. पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्या ताब्याबाहेर नेले की गुन्हा पूर्ण होतो, मग ते मूल हसतखेळत गेलेले का असेना. थोडक्यात, एका कलमात माणसाची इच्छा हेच सर्वस्व आणि दुसऱ्यात तिला किंमत शून्य. शेजारी नांदणाऱ्या दोन कलमांत एवढे अंतर असावे, हे आम्हाला खटकते.

सर्वोच्च न्यायालयालाही १९६४ साली वरदराजन खटल्यात हा पेच सोडवावा लागला. अठरा पूर्ण व्हायला थोडाच अवधी असलेली, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आपणहून आरोपीकडे गेली होती आणि तिने त्याच्याशी विवाहाचा करार नोंदवला होता. ‘नेणे’ आणि ‘सोबत येऊ देणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगत न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

पोलीस ठाण्यातल्या या कागदावर मात्र ठरलेले वाक्य दिसते: ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले.’ बेपत्ता बालकाच्या प्रत्येक प्रकरणात अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून प्रथम खबर नोंदवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. त्यामुळे शोध लवकर सुरू होतो, हे खरेच. पण मूल रागावून मामाकडे गेलेले असले तरी नोंद किडनॅपिंगचीच होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन कलमे, आधी किडनॅपिंग आणि मग ॲब्डक्शन या क्रमाने, १३७ आणि १३८ या क्रमांकांवर आली. जुन्या कायद्यात मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ वर्षे अशी वेगवेगळी मर्यादा होती. आता ती दोघांसाठी १८ आहे. सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पायांनी घर सोडले, तर तिच्या इच्छेला आजही किडनॅपिंगच्या कलमात जागा नाही.