गोळ्यांचा डबा

(लालबाग. चाळीची गॅलरी, पहाट. नळाचा आवाज.)

पाणी आलंय. काकूंनी पिंप भरून घेतलं आणि पुन्हा कॉटवर जाऊन बसल्या. फ्रिजवर सात कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा. आज गुरुवार. मंगळवारची गोळी जागच्या जागी, बुधवारचीही.

"विसरलात का आई?" सून विचारते.

"विसरले नाही गं. घ्यावीशीच वाटली नाही."

काकूंना टाइप २ मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. थकवा, उडालेली झोप, मेलेली भूक, सगळं घर शुगरच्या खात्यावर टाकतं. खरं तर हीच लक्षणं नैराश्याचीही असतात. त्यामुळे एक आजार दुसऱ्याच्या आड बेमालूम लपतो.

(रक्ताचा थेंब, ग्लुकोमीटरची पट्टी.)

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. रोजचं पथ्य, सुई, पायाची, डोळ्यांची धास्ती, माणूस थकणारच. पण रस्ता उलटाही आहे. नैराश्य असलेल्याला पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो. मनावर सतत ताण असला की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं, इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. त्यात चालणं सुटतं, जेवणाच्या वेळा बिघडतात. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरनेही मधुमेहाचं मूळ दीर्घ दुःखात शोधलं होतं. कारण त्याला पुरतं उमगलं नव्हतं, पण नातं दिसलं होतं.

(सरकारी रुग्णालय, केसपेपरची रांग.)

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब. तो वाढला की डोस वाढतो. गोळी पोटात जातेय का, हे विचारायला ओपीडीत वेळ कुणाला? डॉक्टरांना तरी काय बोलणार, बाहेर बाकं भरलेली असतात. नैराश्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही, रात्री-अपरात्रीही बोलता येतं. पण आधी कुणीतरी विचारायला हवं.

पुढच्या सोमवारी ओपीडीत काकूंचा नंबर आला. समोर एक तरुण डॉक्टर होती. रिपोर्ट बाजूला ठेवून तिने विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत कशात मन रमलं का हो?"

काकू बोलल्या नाहीत. पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांनी टेबलावर सोडली. डॉक्टरने गोळ्या मोजल्या.

अकरा.