सिकल्ससाहेबांचा पाय

वॉशिंग्टनच्या जवळच सिल्व्हर स्प्रिंग नावाचं गाव आहे, तिथल्या लष्करी मेडिकल म्युझियममध्ये काचेआड उजव्या पायाची हाडं ठेवलीयत, नडगी पार फुटलेली, आणि शेजारी एक तोफगोळा, ज्याने हा पाय गेला तसलाच. पायाचे मालक मेजर जनरल डॅनिएल सिकल्स. म्हणजे हाडं त्यांनी स्वतःच धाडली होती, शवपेटीसारख्या छोट्या खोक्यात, वर स्वतःचं कार्ड लावून, आपण आहेराच्या पाकिटावर नाव टाकतो तसं.

जन्म १८१९, न्यूयॉर्क. धंदा वकिली, शाळा म्हणाल तर टॅमनी हॉलच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेच्या, राजकारणाची. १८५९ साली गडी काँग्रेसमध्ये होता, घर व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकात. एक निनावी पत्र आलं, की तुमच्या बायकोचं, टेरेसाचं, फिलिप बार्टन की नावाच्या माणसासोबत जमलंय. हा फिलिप की वॉशिंग्टनचा सरकारी वकील, आणि त्याच्या बापाची कविता म्हणजेच आजचं अमेरिकेचं राष्ट्रगीत. २७ फेब्रुवारीला रविवारी तो घरासमोर रुमाल हलवत फिरताना दिसला, सिकल्स पिस्तुलं घेऊन बाहेर आला आणि भर दिवसा त्याला गोळ्या घातल्या.

खटल्यात वकिलांनी काय मांडलं, तर साहेबांचं डोकं तेवढ्यापुरतं फिरलं होतं! अमेरिकेत हा बचाव पहिल्यांदा चालला तो इथेच असं म्हणतात, आणि सुटला की हो. (स्वतःच्या बाहेरच्या भानगडी काही कमी नव्हत्या, पण त्याचं कोर्टाला काय.) गंमत पुढेच आहे, त्याने बायकोला माफ करून परत घरात घेतलं, आणि खून पचवणारे लोक यावर मात्र भडकले.

मग अमेरिकेचं सिव्हिल वॉर, सिकल्स उत्तरेच्या सैन्यात. २ जुलै १८६३, गेटिसबर्ग. सेनापती जनरल मीडने दिलेली जागा पसंत पडली नाही म्हणून हा न विचारता आपली अख्खी कोअर (सैन्याची मोठी तुकडी) घेऊन पुढे पीचच्या बागेपर्यंत गेला, दहा हजारांच्या वर माणसं होती, त्यातली चार हजार तरी मेली, जखमी झाली नाहीतर शत्रूच्या हाती सापडली. त्यातच गोळा पायावर आला. स्ट्रेचरवरून नेताना माणूस सिगार ओढत होता.

पुढे आयुष्यभर, मीड १८७२ ला गेल्यावरसुद्धा, हेच सांगत राहिला की माझ्या पुढे जाण्यानेच लढाई जिंकली. १८९७ मध्ये मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च लष्करी पदक, तेही मिळालं. मधे स्पेनमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून राहिला, ते सोडून देऊ. पण गेटिसबर्गचं मैदान सरकारने ताब्यात घेऊन जपावं म्हणून काँग्रेसमध्ये खटपट केली ती यानेच, हे श्रेय द्यायलाच हवं. आणि जमेल तेव्हा लढाईच्या तारखेला म्युझियममध्ये जाऊन स्वतःचा पाय बघून यायचा.

न्यूयॉर्कच्या स्मारक कमिटीचा अध्यक्षही हाच, १९१२ ला हिशोबात हजारो डॉलर सापडेनात म्हणून काढलं. १९१४ ला वारला. गेटिसबर्गला त्याच्या ब्रिगेडचं स्मारक आहे, पाच खांबांचं, मधे याचा अर्धपुतळा बसणार होता म्हणतात. जागा अजून रिकामी आहे.