सहाव्या जागेवरचे अक्षर

गणेशखिंडीतील ही दगडी वास्तू मुंबईच्या गव्हर्नरसाठी बांधली गेली. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची, म्हणजेच आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, ती पुढे मुख्य इमारत झाली. आपण मात्र याच आवारातील बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातील माहिती संगणकाच्या मदतीने उलगडणाऱ्या शास्त्राच्या केंद्राकडे निघालो आहोत. हे केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले, तेव्हा बहुतेक महाविद्यालयांत संगणक ही अपूर्वाईचीच वस्तू होती.

पडद्यावर सावकाश फिरणारा हा रेणू हिमोग्लोबिनचा आहे. त्याच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे लहान घटक, असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आणि हा बदल आई व वडील या दोघांकडूनही मिळाला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. नंदुरबार आणि गडचिरोलीतील आदिवासी कुटुंबांना सिकलसेल हे या आजाराचे नाव नवे नाही. हा दोष पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो ते आनुवंशिकी सांगते, व्हॅलिन पाणी का टाळते ते रसायनशास्त्र सांगते, आणि एकमेकांना चिकटून तंतू बनवणारे हे रेणू पडद्यावर उभे करायला भौतिकशास्त्र व प्रोग्रॅमिंग दोन्ही लागतात. म्हणून जीवशास्त्रातून आलेल्या विद्यार्थ्याने येथे संख्याशास्त्राला बिचकून चालत नाही आणि गणिताच्या पदवीधराला पेशीची ओळख टाळता येत नाही. आमच्या मते येथील बायोइन्फर्मेटिक्सच्या पदवीचे खरे मोल या सक्तीतच आहे.

टेकड्या आणि दऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या आलेखामागे याच विद्यापीठातील काम आहे. प्रथिनाचा नेमका कोणता भाग प्रतिपिंडांच्या, म्हणजे शरीराच्या संरक्षक प्रथिनांच्या, नजरेत भरेल, हे प्रत्येक वेळी प्रयोगाने शोधायचे तर फार वेळ आणि पैसा लागतो. अशोक कोळसकर आणि पी. सी. टोणगावकर यांनी आधीच्या प्रयोगांत सापडलेल्या अशा भागांचा अभ्यास केला आणि तेथे कोणते अमिनो आम्ल किती वेळा येते हे मोजले. सिस्टीन, ल्यूसीन आणि व्हॅलिन ही पाणी टाळणारी आम्ले प्रथिनाच्या पृष्ठभागावर आली, तर ती अशा भागांत असण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांना आढळले. साखळीवरून सात-सात आम्लांची चौकट पुढे सरकवत त्यांच्या या शक्यतेच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि ती मधल्या आम्लाच्या नावावर मांडायची, अशी त्यांची साधी रीत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे अंदाज सुमारे ७५ टक्के अचूक ठरले. जीवशास्त्राचा प्रश्न, रसायनशास्त्राचे गुणधर्म आणि अंकगणिताची सरासरी यांची सांगड घालण्याचे हेच काम आजही येथील वर्गात शिकवले जाते.

येथून बाहेर पडणारे विद्यार्थी संशोधन संस्थांत आणि औषध कंपन्यांत जातात.

खिडकीलगतच्या संगणकावर एका विद्यार्थिनीने बीटा साखळीची अक्षरे उघडली आहेत; येथे प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक इंग्रजी अक्षर असते, ग्लुटामिक आम्लासाठी ‘ई’ आणि व्हॅलिनसाठी ‘व्ही’. सहाव्या जागेवरचा ‘ई’ पुसून तिने तेथे ‘व्ही’ लिहिला आहे आणि आता ती रेणूची रचना नव्याने जुळण्याची वाट पाहत आहे.